पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली, घरी पेन ड्राइव्ह लावला, आणि आत फोल्डरांच्या जागी फोल्डरांचे शॉर्टकट. चित्र तेच, नाव तेच, फक्त चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक बाण. पुढे काय होतं ते ठरलेलं. आधी दोन-तीनदा डबल क्लिक, मग नेटवर मिळेल तो ‘शॉर्टकट रिमूव्हर’, आणि शेवटी वैतागून फॉरमॅट. डबल क्लिकने व्हायरस घरच्या कॉम्प्युटरवर येतो, अनोळखी रिमूव्हरबरोबर बरेचदा आणखी एखादा येतो, आणि फॉरमॅटने मुळात न हरवलेल्या फाइल्स खरोखर जातात.

कारण बहुतेक वेळा फाइल्स जागेवरच असतात. व्हायरस मूळ फोल्डरांवर ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन खुणा लावून ते नजरेआड करतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, चालते आणि मग तुमचा खरा फोल्डरही उघडतो. काम अडत नाही, म्हणून संशयही येत नाही.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. लोक इथे चुकतात ते साधनात नाही, क्रमात.

आधी ओळखा: दुखणं नेमकं कुठलं?

‘धिस पीसी’ उघडा, पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. डबल क्लिक नाही. तिथे ‘युज्ड स्पेस’ वाचा.

आत चार शॉर्टकट सोडून काही दिसत नाही, पण वापरलेली जागा 6 जीबी दाखवतेय? मग माल आत आहे, हा लेख तुमच्यासाठीच आहे. पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा दिसतो, शॉर्टकटही नाहीत, तरी जागा मात्र भरलेली? हेही तेच दुखणं. यात बहुधा तुमच्या अँटिव्हायरसने शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवल्या, पण लपवलेले फोल्डर पुन्हा उघडे केले नाहीत. ‘अँटिव्हायरसने फाइल्स खाल्ल्या’ अशी तक्रार मी ऐकतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा हेच असतं.

वापरलेली जागाच जवळपास शून्य असेल तर फाइल्स खरंच पुसल्या गेल्यात. पहिले दोन टप्पे करून थेट सहाव्या टप्प्यावर जा. आणि ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असा निरोप येत असेल तर ‘कॅन्सल’ दाबा. तो फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या रचनेचा, बिघाड आहे. तेव्हाही सहावाच टप्पा.

तपासा: एका शॉर्टकटवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘टार्गेट’ची ओळ वाचा. तिथे साध्या फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल32 (विंडोजचेच, आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम) असं काही दिसलं तर शंका उरली नाही. याच दुखण्याचा एक जुना प्रकार शॉर्टकट करत नाही. तो फोल्डरचं चित्र लावलेल्या डॉट ईएक्सई फाइल्स ठेवतो. त्यांची खूण म्हणजे ‘टाइप’च्या रकान्यात ‘फाइल फोल्डर’ऐवजी ‘अ‍ॅप्लिकेशन’ असतं, आणि सगळ्यांचा आकार केबीपर्यंत एकसारखा असतो. सहलीचे फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन एकाच आकाराचे कसे असतील?

तयारी

पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. मग हे जमवा:

- दीडेक तास सलग वेळ. मध्येच सोडलं तर कुठली पायरी झाली ते आठवत नाही.
- पेन ड्राइव्हवरच्या मालापेक्षा जास्त रिकामी जागा, कॉम्प्युटरवर किंवा फोनमध्ये.
- ऑटोरन्स हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं मोफत साधन. इन्स्टॉल करावं लागत नाही.
- मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर. हाही मोफत; पण उतरवल्यापासून 10 दिवसांनी तो कालबाह्य होतो, म्हणून गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला चालणार नाही.
- गरज पडलीच तर फोटोरेक किंवा रेकुवा, पुसलेल्या फाइल्स परत काढणारी साधनं. आत्ता नाही, सहाव्या टप्प्यात.

सावध: प्रत्येक साधन बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या डाउनलोडच्या दुकानांत हिरवी मोठी बटणं जाहिरातींची असतात आणि खरी लिंक कुठेतरी खाली, बारीक अक्षरात. शक्य असेल तर डाउनलोड दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवर करा.

टप्पा 1: आधी कॉम्प्युटर, मग पेन ड्राइव्ह

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. आमच्या सोसायटीतल्या एका शिक्षकांनी तोंडी परीक्षेच्या गुणांच्या याद्या असलेला पेन ड्राइव्ह एका आठवड्यात तीनदा साफ केला होता. सकाळी साफ, संध्याकाळी पुन्हा बाण. ते पेन ड्राइव्ह बदलायला निघाले होते. मी त्यांच्या लॅपटॉपला माझा रिकामा पेन ड्राइव्ह लावला, त्यावर ‘चाचणी’ नावाचा एक फोल्डर केला आणि नुसता बसलो. चहा यायच्या आत ‘चाचणी’ला बाण फुटला. पेन ड्राइव्ह बिचारा निर्दोष होता, व्हायरसचं घर लॅपटॉपमध्ये होतं.

तुम्हीही हीच चाचणी करा: ज्यात काहीच नाही असा पेन ड्राइव्ह लावा, एक फोल्डर बनवा, पाच मिनिटं थांबा, एफ5 दाबा. बाण आला तर कॉम्प्युटर नक्की लागलेला आहे. नाही आला तरी खालचं करायचंच, फक्त धास्ती कमी.

पहिलं, डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. उघडी कामं आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. साधारण 15 मिनिटं लागतात. साध्या स्कॅनपेक्षा हा बरा, कारण विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आत तो बघून घेतो आणि व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. दुसरी कंपनी अँटिव्हायरस पुरवत असल्यामुळे हा पर्याय दिसत नसेल तर सेफ्टी स्कॅनरचा ‘फुल स्कॅन’ चालवा. त्याला रात्रभर लागू शकतं.

दुसरं, ऑटोरन्स. राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय चालतं याची ही पूर्ण यादी. ‘लॉगऑन’ आणि ‘शेड्यूल्ड टास्क्स’ हे दोन टॅब बघितले तरी आपलं काम होतं. मेनूमध्ये विंडोजच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय असते. एरवी ती चांगली, पण आत्ता काढून टाका. कारण ज्याच्या खांद्यावर बसून ही स्क्रिप्ट चालते तो डब्ल्यूस्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टचाच आहे.

शोधायचं काय? ओळीत डब्ल्यूस्क्रिप्ट आणि पुढे डॉट व्हीबीएस किंवा डॉट जेएस फाइल. ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’मध्ये राहणारी, अर्थहीन अक्षरांच्या नावाची फाइल. अशी ओळ सापडली की डावीकडची टिकमार्क काढा. डिलीट करू नका. टिक काढली की नोंद थांबते, आणि चूक झाली असेल तर परत लावता येते; डिलीटला परतीची वाट नाही. रीस्टार्ट करून दोन दिवस सगळं नीट चाललं, की मग डिलीट.

सावध: पिवळी ओळ म्हणजे व्हायरस नव्हे. पिवळ्याचा अर्थ एवढाच की नोंद आहे पण ती सांगते ती फाइल जागेवर नाही. जुने प्रिंटर, काढून टाकलेले प्रोग्रॅम असे पिवळे उरतात. रंग बघून धडाधड टिका काढणाऱ्यांचे टचपॅड आणि आवाज गेलेले मी पाहिलेत.

तपासा: रीस्टार्टनंतर रिकाम्या पेन ड्राइव्हची चाचणी पुन्हा करा. बाण आला तर पुढे जाऊ नका. याच टप्प्यात राहा.

टप्पा 2: लपलेलं दाखवायला लावा

पेन ड्राइव्ह अजून बाहेरच. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘हिडन आयटम्स’ चालू करणं सगळ्यांना येतं, आणि तिथेच सगळे अडतात: ‘केलं, तरी काही दिसत नाही’. कारण फोल्डरांवर खुणा दोन आहेत, तुम्ही एकीचीच सोय केलीत. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’ टॅबवर जा आणि आणखी दोन टिका काढा. एक ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची, विंडोज ‘खात्री आहे का’ विचारेल, ‘येस’ म्हणा. दुसरी ‘हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स’ची, म्हणजे डॉट ईएक्सईचा मुखवटा उतरेल.

तपासा: खिडकी बंद करून परत उघडा. टिका आपोआप परत लागल्या असतील तर कुणीतरी त्या लावतंय, म्हणजे कॉम्प्युटर अजून साफ नाही. टप्पा 1.

टप्पा 3: माल बाहेर काढा

इथे दोन रस्ते आहेत. मला पहिला जास्त आवडतो, आणि आश्चर्य म्हणजे तो फारसा कुणी सुचवत नाही.

पहिला: अँड्रॉइड फोन. ओटीजी अ‍ॅडॉप्टर (फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी लावायचा छोटा जोड) लावून पेन ड्राइव्ह फोनला जोडा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसला की दहा मिनिटांत ते बंदही होतं. फोन विंडोजच्या ‘हिडन’ खुणेला जुमानत नाही, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये सगळे मूळ फोल्डर उघडे दिसतात. विंडोजसाठी लिहिलेली स्क्रिप्ट तिथे चालत नाही. हवे ते फोल्डर फोनमध्ये कॉपी करा. या रस्त्याने आलेल्या फाइल्सना त्या दोन खुणा चिकटून येत नाहीत, म्हणजे चौथा टप्पा करायचीच गरज नाही. पेन ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर मात्र बरेच फोन तो वाचत नाहीत. मग दुसरा रस्ता.

दुसरा: साफ केलेला कॉम्प्युटर. डी ड्राइव्हवर ‘वाचवलेले’ नावाचा नवा फोल्डर करा. पेन ड्राइव्ह लावा, डावीकडच्या यादीतून उघडा. आता मूळ फोल्डर फिकट रंगात दिसतील, शॉर्टकट गडद. फिकट ते आपले.

काही वेळा फोल्डर एकेकटे लपवलेले नसतात. सगळा माल एकाच बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेला असतो. नावाच्या जागी न दिसणारं एक अक्षर असतं, म्हणून ओळ कोरी दिसते. ती रिकामी ओळ म्हणजेच तुमचा माल. घाबरून ती डिलीट करणारेही भेटलेत.

कॉपी करताना ‘सिलेक्ट ऑल’ दाबू नका. फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल, व्हिडिओ एवढंच उचला. डॉट एलएनके (म्हणजे शॉर्टकट), डॉट व्हीबीएस, डॉट जेएस, डॉट बॅट, डॉट ईएक्सई, डॉट आयएनएफ हे मागे राहू द्या. एखाद्या सॉफ्टवेअरचा सेटअप ठेवलेला असेल तर तोही सोडा, नव्याने उतरवता येतो. आणि कट-पेस्ट नाही, कॉपीच. मूळ प्रत सातव्या टप्प्यापर्यंत पेन ड्राइव्हवर राहिली पाहिजे.

कॉपी झाली की पेन ड्राइव्ह काढून ठेवा. ‘वाचवलेले’ फोल्डरवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा.

टप्पा 4: खुणा पुसा

कॉम्प्युटरवरून कॉपी केलेल्या फोल्डरांना लपवणाऱ्या खुणा तशाच चिकटलेल्या असतात. प्रॉपर्टीजमध्ये ‘हिडन’ची टिक काढायला जाल तर ती करडी, हलेना. ‘सिस्टिम’ची खूण तिला अडवून धरते. दोन्ही एकदम काढायला एक ओळीची आज्ञा आहे. फोनवर सांगतो तशीच सांगतो, कागदावर लिहून घ्या.

‘वाचवलेले’ फोल्डर उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून इंग्रजीत सी-एम-डी टाइप करा, एंटर. काळी खिडकी उघडेल. थांबा आणि ओळ वाचा: तिच्यात डी ड्राइव्ह आणि तुमच्या फोल्डरचा पत्ता दिसलाच पाहिजे. देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसले तर हरकत नाही, ती त्या खिडकीची अडचण आहे, फाइलची नाही.

मग: ए-टी-टी-आर-आय-बी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस एस, स्पेस, मायनस आर, स्पेस, तारा म्हणजे 8 च्या वरचं चिन्ह, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी. एंटर. मायनस आणि त्याच्या अक्षरामध्ये स्पेस नाही. स्लॅश प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, एंटरजवळची उलटी नव्हे. स्लॅश एसने आतले सगळे थर घेतले जातात आणि स्लॅश डीने फोल्डरही. लोक स्लॅश डी विसरतात. मग आतल्या फाइल्स सुटतात आणि फोल्डर लपलेलेच राहतात.

सावध: ही आज्ञा सी ड्राइव्हच्या मुळाशी देऊ नका. विंडोजने स्वतःच्या फाइल्स उगाच लपवलेल्या नसतात.

टप्पा 5: मोजदाद

‘वाचवलेले’ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा आणि सुरुवातीला वाचलेल्या ‘युज्ड स्पेस’शी ताडा. तंतोतंत जुळणार नाही, पण 6 जीबीच्या जागी 2 जीबी असेल तर काहीतरी मागे राहिलंय. वेगवेगळ्या फोल्डरांतल्या पाच-सहा फाइल्स उघडून बघा. निदान एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून पाहा; अर्धवट कॉपी तिथेच उघडी पडते.

टप्पा 6: खरंच पुसलं गेलं असेल तर

सगळं मिळालं असेल तर हा टप्पा सोडा. नसेल तर पहिला नियम: पेन ड्राइव्हवर आता काहीही लिहायचं नाही. पुसलेल्या फाइलची जागा ‘मोकळी’ अशी नोंदली जाते, मजकूर तिथेच असतो, पुढची फाइल त्यावर लिहिली जाईपर्यंत. म्हणून परत मिळालेल्या फाइल्स त्याच पेन ड्राइव्हवर सेव्ह करणं ही सगळ्यात महागाची चूक. एक वाचते, तिच्याखाली दुसरी चिरडते.

आधी रेकुवा, ‘डीप स्कॅन’ची टिक लावून. तो जमेल तिथे नावांसकट फाइल्स देतो. त्याने भागलं नाही, किंवा फॉरमॅट करा असा निरोप येत असेल, तर फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी तो वर्ड, एक्सेल, पीडीएफही काढतो. तो फाइल सिस्टिमकडे न बघता थेट मजकुराच्या खुणा ओळखतो, म्हणून नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. एफ अक्षर आणि पुढे आकडे अशा नावांचा ढीग हाती लागतो. त्यातून मुलीची बारावीची गुणपत्रिका शोधायला एक संध्याकाळ जाते, पण सापडते.

सावध: या आधी ‘चेकडिस्क’ चालवू नका. तो फाइल सिस्टिम दुरुस्त करतो, तुमच्या फाइल्स वाचवणं हे त्याचं काम नाही, आणि दुरुस्तीच्या भरात पेन ड्राइव्हवर लिहितो. आधी फॉरमॅट होऊन गेला असेल तर तो ‘क्विक’ होता का ते आठवा. क्विक असेल तर आशा आहे. टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल तर विंडोजने सगळीकडे शून्यं लिहिली. मग कुठलंही साधन फुकट असो वा विकतचं, उपयोग नाही.

टप्पा 7: आता फॉरमॅट

वाचवलेला माल आणखी एका जागी कॉपी झाला, की मगच. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’. दुकानातल्या जुन्या मशीनवर आणि टीव्हीला चालायला हवा असेल तर फॅट32. 4 जीबीपेक्षा मोठी एखादी फाइल ठेवायची असेल तर एक्सफॅट. इथे क्विक पुरतो. नंतर टप्पा 2 मधली ‘प्रोटेक्टेड’ची टिक परत लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी डेस्कटॉपवर अचानक दिसायला लागलेल्या फाइल्स कचरा समजून उडवेल. एक्स्टेन्शन्स मात्र कायम दिसू द्या.

पुन्हा दुकानात जाताना

दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या मशीनला दिवसभर सगळ्या गावाचे पेन ड्राइव्ह लागतात. ऑफिसात किंवा तुमच्याच सेवा केंद्रात अशी वर्दळ असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे आलेलं, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सॉफ्टवेअर बघा. ठरवून दिलेल्या यूएसबी साधनांपुरतीच मुभा देण्यासाठी ते बनवलंय.

घरच्यासाठी सोपं: प्रिंटसाठी एक वेगळा, छोटा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात त्या दिवशीची पीडीएफ आणि दुसरं काहीही नाही. जुनं एसडी कार्ड आणि रीडर पडलेलं असेल तर ते आणखी बरं, कडेची लॉकची चिमटी खाली केली की बहुतेक रीडर त्यावर लिहू देत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवणंही सोयीचं, पण तुमचं आधार कार्ड दुकानाच्या फोनमध्ये राहतं हे धरून चला. आणि दुकानातून आल्यावर तो छोटा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावायचाच नाही. ओटीजीने फोनला लावा आणि फोनच्या स्टोरेज सेटिंगमधूनच फॉरमॅट करून परत ड्रॉवरमध्ये टाका.